अयोध्याच्या ठळक बातम्या

"बासष्ट लेकरांपैकी अकरा आलेत, ताई. अकरा!" शेषेराव सरांनी हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढं उघडून धरलं. "खिचडी शिजवणाऱ्या बाई बी आल्या न्हाईत. फोन केला तर मनत्यात, सर, कलेक्टरनं सुट्टी दिली की."

"मग दिलीय का खरंच?"

"कलेक्टर कशाला देतील? हिनं दिली!"

'हिनं' म्हणजे माझ्या मुलीनं. अयोध्या, वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी. व्हरांड्यातल्या खांबाला टेकून ती एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायावरची माती खरवडत होती. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही. कुणा पाहुण्यांची बोलणी चाललीत आणि आपण मध्ये बोलू नये, एवढाच भाव.

सरांनी सगळं सांगितलं. आमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ होतो. मुलं रांगेत उभी राहतात, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार होतो आणि मग एक जण पेपर हातात धरून बातम्या वाचतो. पेपर सर कंधारहून येताना मोटारसायकलच्या हँडलला अडकवून आणतात. काल अयोध्यानं वाचलं होतं की थंडीच्या लाटेमुळं माननीय जिल्हाधिकाऱ्यांनी उद्या सर्व शाळांना सुट्टी जाहीर केली आहे.

"तुम्ही ऐकलं नाही का सर?"

"मी रोज त्या येळंला तिकडं मोबाइलवर माहिती भरीत असतो. कानावर पडलं, मनलं असंल पेपरात." सर थोडे ओशाळले. "खरं सांगू का, मी सोता आज डबा आणला न्हाई. मनलं सही करावी अन् परत फिरावं."

मी अयोध्याकडं वळले. "कामून केलंस गं असं?"

"काल बातमीच नव्हती, मम्मी. गावात कायच झालं न्हाई. अन् लेकरं सगळी कुडकुडून राहिली होती."

"बघा, तोंड बघा!" सर म्हणाले. मग रजिस्टर मिटून आवाज खाली आणला. "आगाऊ हाय. पण एक सांगतो ताई, वाचते लई भारी. असं धडाधड वाचणारं दुसरं लेकरू न्हाई माझ्याकडं. मनून तर दिवाळीपासून बातम्या हिच्याकडंच दिल्या. गुरुवारी केंद्रप्रमुख साहेब येणार हायत, त्यांच्यापुढं बी हिलाच उभी करतो. फक्त वरचं काही जोडू नको मनावं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? माझ्या मुलीला वाचता येत नाही, हे त्या व्हरांड्यात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

*

मी लातूरला शिकलेली. बी.एस्सी. त्या गावात मुलं जेवताना, चालताना, केस विंचरताना वाचत असतात. मीही वाचायची. अयोध्या पोटात होती तेव्हा मी तिच्यासाठी चित्रांची पुस्तकं आणून ठेवली होती. ती तीन वर्षांची झाल्यावर त्यातल्या चित्रांना मिशा काढून झाल्या, पण अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही. मी पाटी, वाळू, डाळीचे दाणे, भिंतीवरचे तक्ते सगळं करून बघितलं. आज ओळखलेला 'भ' उद्या तिला परका. नांदेडला डोळे तपासले, ते ठणठणीत निघाले. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तासभर तिच्याशी खेळून सांगितलं, "बुद्धी उत्तम आहे. अक्षरं तिच्यापुढं स्थिर राहत नाहीत. वेळ लागेल. घाबरवू नका."

घाबरवायचं नाही हे मी शिकले. घाबरायचं नाही हे कुठं शिकवतात?

माझ्या सासूबाई, नागाबाई, मला म्हणायच्या, "तिच्या बापाला बी उशिरा आलं वाचाया. आता करतोय न्हव कंडक्टरकी? तिकिटं फाडतोय न्हव?" माझे मिस्टर बालाजी कंधार आगारात कंडक्टर आहेत. ते हसून म्हणत, "आत्ता मशीन हाय, आई. फाडत न्हाईत." विषय तिथंच संपायचा.

शाळेत मात्र अयोध्या आपलं आपण निभावून नेत होती. शेषेराव सर चार वर्ग एकटे बघतात. वाचनाची पाळी जवळ आली की हिला नेमकी सगळ्यांची तहान आठवायची, आणि ती पाण्याची बादली भरायला जायची. धडा एकदा कानावर पडला की तिला तो जसाच्या तसा पाठ. पुस्तक आणलं नाही तर शेळीनं खाल्लं म्हणायची. एकदा सर म्हणाले, पुरावा दाखव. दुसऱ्या दिवशी ही शेळीच घेऊन गेली. शेळीनं शाळेत जाऊन सरांच्या पाठाच्या टाचणवहीचं अर्धं पान खाल्लं, आणि ही म्हणाली, "बघा सर, सवयच हाय तिला." सरांच्या लेखी ती तोंडी पक्की आणि लिहायला आळशी होती.

मी हे हसत सांगते आहे, पण तिचं दुसरीचं वर्ष मला विसरता येत नाही. तेव्हा दुसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी तिला फळ्यापुढं उभं करून एक ओळ वाचायला लावली होती. ती चुकली. बाई हसल्या, मग सगळा वर्ग हसला. त्यानंतर अयोध्या शाळेत चार महिने एक शब्द बोलली नाही. घरी यायची, शेळीशी बोलायची, माझ्याशी बोलायची. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. ते कुलूप कसं उघडलं, मला आजही माहीत नाही. ते पुन्हा लागलं तर यावेळी उघडणार नाही, एवढं मात्र मला पक्कं वाटत होतं. आणि गुरुवारी एक अधिकारी तिच्यापुढं बसणार होता.

त्या संध्याकाळी मी तिच्यापुढं पेपर धरला. "वाच बघू."

तिनं पेपरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "घरचा पेपर न्हाई येत मला. शाळंतला येतो."

"अयोध्या."

"मम्मी, मी खोटं न्हाई सांगत कोणाला. ती सुट्टीची एक सोडून."

"पेपर उलटा धरला नाहीस कधी?"

"फोटो असतेत की त्यात. माणसाचं डोकं वर धरायचं."

*

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी मी शाळेमागं गेले. शाळेच्या कुंपणभिंतीला लागून एक पार आहे. तिथं मला माणसं दिसली, आणि मी थबकले. पिराजी आजोबा घोंगडी पांघरून बसले होते. त्यांना मोतीबिंदूनं आता फारसं दिसत नाही. त्यांच्या बाजूला दोन म्हाताऱ्या. हरभऱ्याच्या शेताकडं निघालेल्या तीन बायका विळे खाली ठेवून उभ्या.

"काय बघताय इथं?" मी विचारलं.

"बघतो कुठं, ऐकतो," पिराजी आजोबा म्हणाले. "बस माय. आता लागतेत बातम्या."

भिंतीपलीकडून प्रतिज्ञा संपल्याचा आवाज आला. मग माझ्या मुलीचा आवाज.

"नमस्कार. आजच्या ठळक बातम्या. कंधार, आमच्या वार्ताहराकडून. कंधार ते नांदेड गाडी काल दीड तास उशिरा धावली. गाडीचा पट्टा तुटला होता. प्रवाशांनी खाली उतरून शेंगा खाल्ल्या. कोणालाही इजा नाही."

ही बालाजींनी जेवताना सांगितलेली गोष्ट होती. पण 'कोणालाही इजा नाही' हे तिचं.

"गावातील बातमी. अंगणवाडीमागच्या हातपंपाला तीन दिवसांपासून पाणी नाही. दांडा हलतो, पण आत आवाज कोरडा येतो. पंचायतीला कळवावे. दुसरी बातमी. राजकन्या मावशींची लेक बाळंतपणासाठी उमरीहून आली आहे. तिला चिंचेचे डोहाळे आहेत. ज्यांच्या घरी जुनी चिंच असेल त्यांनी द्यावी. हवामान. पहाटे नदीकडून धुकं आलं. ते शिवारात गुडघ्यापर्यंत होतं. हरभऱ्याच्या घाट्यांवर दव आहे, मनून सकाळी हात घालू नये, फुलोरा झडतो. बातम्या संपल्या. धन्यवाद."

बायकांनी विळे उचलले. एक दुसरीला म्हणाली, "मग ऊन पडल्यावर जाऊ की."

म्हाताऱ्यांपैकी एक उठली. "माझ्याकडं हाय चिंच. मडक्यात हाय." आणि ती लगबगीनं निघाली.

मी पाराला हात टेकून उभी राहिले. ही मुलगी सकाळी दुधाची किटली घेऊन जाते आणि परत यायला पाऊण तास लावते म्हणून मी रोज ओरडायची. त्या पाऊण तासात ती काय करत होती, हे मला आता कळलं. पंपाचा दांडा हलवून बघत होती. धुकं कुठवर आलं ते स्वतःच्या गुडघ्यांवर मोजत होती.

"आजोबा," मी म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का, तिला..."

"समद्या शाळंला माहीत हाय," पिराजी आजोबा शांतपणे म्हणाले. "माझ्या नातवानं पयल्याच दिशी सांगितलं मला. सरांला तेवढं कोणी सांगत न्हाई."

बासष्ट लेकरं, आणि दिवाळीपासून एकानंही तोंड उघडलं नव्हतं. दुसरीत हसलेली मुलंही यांच्यातच होती. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात चप्पल घालून शिरल्यासारखं काहीतरी वाटलं.

*

त्याच दिवशी, बुधवारी, मी सरांना फोन लावला आणि रिंग जायच्या आत कट केला. तीनदा. सांगावं तर मी स्वतःच तिला उघडं पाडणार. न सांगावं तर साहेब पाडणार.

गुरुवारी सकाळी मी तिला म्हणाले, "अयू, आज ताप आलाय म्हणून सांगते मी. जाऊ नकोस."

ती वेणीला रिबीन बांधून घेत होती. "मग बातम्या कोण देईल?"

"देतील कोणीतरी."

"कोणाला माहीत हायत पण?"

नागाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "जाऊ दे शिवानी तिला. तू लई भेऊन राहिलीस अन् लेकराला बी भेववतीस."

पालकांनाही बोलावलं होतं. आम्ही पाचसहा बायका व्हरांड्याच्या कडेला बसलो. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळा बघणारे अधिकारी. हे नवीन आलेले, उदगीरकडचे, नाव बसवराज. पांढरी दाढी, स्वेटरवर जाकीट, खुर्चीवर बसून गुडघ्यावर आजचा पेपर. सरांनी अयोध्याच्या हातात दिला तोच पेपर. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन प्रती.

"नमस्कार. आजच्या ठळक बातम्या."



"गावातील बातमी. पिराजी आजोबांची म्हैस व्याली. रेडकू झालं. रेडकाच्या कपाळावर पांढरा चांद आहे. म्हैस आणि रेडकू दोघंही सुखरूप आहेत. आजोबांनी रेडकाला हातानं चाचपून बघितलं आणि ते रडले. आनंदानं."

साहेबांनी पेपरचं पान उलटलं. मग आणखी एक. मग परत पहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पेपर डोळ्यांजवळ नेला. शेषेराव सरांच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या. साहेब सावकाश उठले आणि अयोध्यापुढं जाऊन उभे राहिले.

"बाळ, ही म्हशीची बातमी कोणत्या पानावर हाय?"

अयोध्यानं हातातल्या पेपरकडं बघितलं. मला तिच्या मानेवरची शीर दिसत होती. आता कुलूप लागणार, मी मनात म्हणाले. लागलं.

"पानावर न्हाई, साहेब."

"मग?"

"मला वाचता येत न्हाई अजून. अक्षरं हालतेत, पाण्यात पडल्यावानी." तिचा आवाज लहान झाला होता, पण होता. "बातम्या खऱ्या हायत पण. कोणाला बी इचारा. ती सुट्टीची एकच खोटी होती."

"अयोध्या!" शेषेराव सरांच्या तोंडून निघालं. त्यांनी खुर्चीचा आधार घेतला. दिवाळीपासूनच्या सगळ्या सकाळी त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात.

तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "खरं हाय साहेब. मी बघितलं रेडकू."

"मी बी बघितलं. चांद हाय."

"पंपाची बी खरी होती. काल दुरुस्त झाला."

"चिंचेची बी!"

आणि भिंतीपलीकडून पिराजी आजोबांचा घोगरा आवाज: "म्हैस माझी हाय, साहेब. पोरगी खोटं बोलत न्हाई."

साहेबांनी हात वर केला. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी पेपरची घडी घालून काखेत धरली.

"काल काय बातम्या होत्या?"

तिनं सांगितल्या. नमस्कारापासून धन्यवादापर्यंत.

"परवा?"

त्याही.

"तारखेनं इचारलं तर सांगशील? चौदा डिसेंबर."

अयोध्यानं क्षणभर डोळे मिटले. "रविवार होता, साहेब. परिपाठ नव्हता."

पाचसहा जण खुदकन हसले. तीही हसली.

"बरं, पंधरा."

"आजच्या ठळक बातम्या. कंधारच्या बाजारात मेथी इतकी आली की शेवटी लोकांनी ती तशीच वाटली. गावातील बातमी. शाळेच्या पत्र्यावर एक होला घरटं बांधून राहिला आहे. पत्र्यावर दगड मारू नये..."

साहेब तारखा विचारत राहिले. ती सांगत राहिली. बारशाला कोण आलं होतं, कोणाच्या विहिरीला मोटार बसली, दहावीतल्या कुठल्या ताईला सायकल मिळाली, कोणत्या दिवशी पहिलं दव पडलं. एकही बातमी दुसरीच्या जागी गेली नाही. सूर्य पत्र्याच्या वर आला, आमच्या अंगावर ऊन पडलं, तरी कोणी हललं नाही. तिची आई होऊन मला नऊ वर्षं झाली. तिला काय येत नाही याची यादी मला तोंडपाठ होती. अख्खं गाव तिच्या आत तारीखवार ठेवलेलं होतं, आणि मी तिला डाळीचे दाणे मांडून 'भ' विचारत होते.

"पुरे," साहेब शेवटी म्हणाले. ते हळू आवाजात, स्वतःशीच काही कानडीत बोलले. मग व्हरांड्यात चौथीचा वर्ग भरतो तिथल्या फळ्याकडं गेले, तो स्वच्छ पुसला आणि खडूनं मोठ्या अक्षरांत, अंतर सोडून सोडून, एकच ओळ लिहिली.

"ही तुझी आजची बातमी. पहिलीच ओळ. तू सांगितली तशीच लिहिली. आता वाच."

मी उठून उभी राहिले. बाकीच्या बायकांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं. फळा, उभी असलेली ती, समोर सगळी शाळा. दुसरीतलंच चित्र होतं.

अयोध्या फळ्यापुढं गेली. तिथं काय लिहिलं होतं ते तिला माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. 'पिराजी आजोबांची म्हैस व्याली.' तिनं ते एका दमात म्हणून टाकलं असतं तर साहेबांना काय कळणार होतं? दिवाळीपासून ती तेच करत आली होती. मी मनात म्हणत होते, म्हण गं, म्हणून टाक, मोकळी हो.

तिनं बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं.

तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. तिनं मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. अक्षर हलायचं थांबायची वाट बघत असावी.

"पि," ती म्हणाली.

बोट सरकलं. मला वाटतं मिनिटभर वेळ गेला असेल. जास्तही.

"रा."

ज्या तोंडातून आत्ताच अडीच महिन्यांच्या बातम्या खळखळ वाहत होत्या, त्या तोंडाला एका अक्षरामागं केवढी चढण लागत होती. पहिलीतल्या एका मुलीला राहवलं नाही, ती "जी" म्हणायला गेली. शेजारच्या मुलानं तिच्या तोंडावर हात ठेवला. शेषेराव सर मदतीला पुढं सरकले, तर अयोध्यानं मागं न बघताच डावा हात वर केला. थांबा.

"जी," तिनं स्वतःच म्हटलं. "पि-रा-जी."

बोट पुढच्या शब्दाखाली गेलं. तिथं बराच वेळ राहिलं. तिच्या कानामागून घामाचा एक थेंब खाली आला, जानेवारीच्या त्या थंडीत. मग तिनं बोट काढलं, फ्रॉकला पुसलं आणि साहेबांकडं वळली.

"एवढंच आलं आज. बाकीचं उद्या वाचते. पुसू नका."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी खडू तिच्या हातात दिला आणि तिला वाट करून दिली. ती रांगेत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी शेषेराव सरांनी चौथीचं गणित व्हरांड्याच्या फरशीवर, गुडघे टेकून, खडूनं शिकवलं.